पाचवा हात

उखर्डू मिस्तरीनं जन्मात खरोखर वाईट असं काम एकच केलं, आणि त्याला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागला नाही. बसल्या जागी उजवा हात खांद्याच्या वर नेला आणि खाली आणला, एवढंच. त्या हाताचं ओझं मात्र तो पुढे जन्मभर वागवत राहिला.

बुऱ्हाणपुरात विणकरांच्या गल्लीत त्याचं धोटे बनवायचं दुकान होतं. मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा धोटा म्हणजे दिसायला वीतभर शिसवी लाकूड. पण त्याचं टोक जरा खरबरीत राहिलं की सूत तुटतं, आणि सूत तुटलं की विणकर मिस्तरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. उखर्डूच्या धोट्यांवर अशी पाळी कधी आली नाही. शिवाय उद्धार करायला त्याच्यामागे पिढ्या होत्या कुठे? संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात रस्त्याच्या कडेला मिशनच्या माणसांना सापडलेलं ते तीन-चार वर्षांचं पोर. नाव विचारलं तर तेवढंच सांगता आलं. मुलं जगत नसली की आई नव्या बाळाला उकिरड्यावर ठेवून परत उचलते आणि उखर्डू म्हणते, म्हणजे त्याच्याकडे मरणाचंही लक्ष जात नाही. त्याची आई कोण हे कधी कळलं नाही. पण तिला हे पोर जगायला हवं होतं, एवढं त्या नावावरून कळत होतं. मिशनमध्ये बाप्तिस्मा देताना त्याचं नाव इग्नासियुस ठेवलं. ते नाव मिशनच्या वहीत राहिलं. गावाची जीभ काही तशी वळली नाही.

मिशनमध्येच तो सुतारकाम शिकला, तिथलीच अनाथ मालूबाई त्याला बायको म्हणून मिळाली, आणि दोघं बुऱ्हाणपुरात येऊन राहिले. गावात त्यांच्यासारखी कॅथलिक घरं सगळी मिळून सात. कुणी रेल्वेच्या फाटकावर, कुणी गिरणीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खंडव्याहून सकाळच्या गाडीनं फादर गास्पार यायचे, फ्रेंच माणूस, पण निमाडी शेतकऱ्यासारखा उन्हानं रापलेला. आणि मिस्सा, म्हणजे त्यांची प्रभुभोजनाची उपासना, व्हायची ती उखर्डूच्या दुकानात. रंधा मारायच्या बाकावर मालूबाई धुतलेली चादर घालायची आणि ती वेदी व्हायची. उखर्डू आदल्या दिवशी भुसा झाडून काढायचा, पण भुसा कुठला संपतो? फादरांनी प्रार्थनेला हात पसरले की बाहीवर लाकडाचा कीस दिसायचा. मालूबाईला त्याची फार लाज वाटे. आपल्याला एक लहानसं देऊळ असावं, कौलारू का होईना, एवढं एकच ती देवाकडे मागत असे. उखर्डूही तेच मागत असे, आणि हे गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, पण विनायकरावांना होतं.

हे विनायकराव कापसातली सरकी काढणाऱ्या जिनचे मालक. गावात नवे लोखंडी नळ घालायचं ठरलं, तेव्हा घरपट्टी भरणाऱ्यांनी आपापल्या वॉर्डातून एकेक माणूस निवडायचा आणि त्या नऊ जणांच्या नळ-कमिटीनं पाणी कुठून कुठे न्यायचं ते ठरवायचं, असा घाट घातला गेला. विनायकराव अध्यक्ष झाले. ते झाले नसते तरच नवल. विणकरांच्या वॉर्डात मात्र गाडं अडलं. मुसलमान मोमीन विणकरांना हिंदू नको, हिंदू विणकरांना मोमीन नको. दोन दिवस भांडून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, तो धोटेवाला मिस्तरी आपल्यातला नाही आणि त्यांच्यातलाही नाही, त्यालाच पाठवा. दोन्हीकडच्यांनी हसत हसत माना डोलावल्या. असा उखर्डू मेंबर झाला.

फादर गास्पारांना याचा उखर्डूपेक्षा जास्त आनंद झाला. त्या रविवारी त्यांनी प्रवचनात रोमच्या पोपसाहेबांच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या एका पत्राची गोष्ट काढली. सातच घरं समोर, त्यात चारांना लिहिता येत नव्हतं, पण त्यांनी ती हजार माणसांना सांगावी तशी सांगितली. ते म्हणाले, श्रीमंत स्वतःची काळजी स्वतः घेतो. ज्याच्यापाशी काही नाही त्याला राज्यकारभाराचाच आधार, म्हणून कारभारात ज्याचा हात आहे त्यानं आधी त्याच्याकडे बघायचं. मत ही कुणी दिलेली भेट नाही, ते देवानं ठेवायला दिलेलं आहे. उखर्डूनं ते मनावर घेतलं. खरंच घेतलं होतं, हेच तर पुढे त्याला खात राहिलं. त्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती.

कारण दुसऱ्याच दिवशी धुरपदाबाई आली होती. ती मेहतरांच्या वस्तीतली. ती गल्ली झाडायची आणि घरोघरचे संडास साफ करायची. त्या वस्तीला गावातली एकही विहीर मोकळी नव्हती. गावच्या तटाच्या नदीकडल्या दरवाज्यातून उतरून तापीवर धोबीघाटाच्या खालच्या अंगाला जाऊन त्यांनी पाणी भरायचं. ती दुकानाच्या पायरीखाली उभी राहून म्हणाली, "मिस्तरी, आमाले मत नाही, म्हनून कोनी इचारत नाही. नदीच्या दरवाज्यापर्यंत नळ येऊन राह्यला म्हनतात. तिथून आमची वस्ती किती? एक तोटी द्या." उखर्डूनं तिला सांगितलं, माझा हात तुझ्यासाठी वर होईल असं धरून चाल. दुष्काळात स्वतः डबक्याचं पाणी प्यायलेला माणूस होता तो. त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

ठराव मांडला तो दिगंबर मास्तरांनी, शाळेतून निवृत्त झालेल्या एका हट्टी, सडपातळ ब्राह्मणानं. नळाची एक शाखा मेहतर वस्तीत न्यावी. विनायकरावांना ती शाखा पेठेकडे वळवायची होती, आणि मेहतरांनी तोटीला हात लावला की वरच्या वॉर्डांचं पाणी बाटेल, असंही कुजबुजलं जात होतंच. चार इकडे, चार तिकडे, हे गावाला आधीच माहीत होतं. राहिला मिस्तरी.

बैठकीच्या आदल्या दिवशी विनायकराव स्वतः दुकानात आले. ठरावाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही, माणूस तेवढा कच्चा नव्हता. एक धोटा हातात घेऊन त्यांनी त्याची तारीफ केली, मग म्हणाले, "मिस्तरी, तुमच्या देवाला असं भुशात बसवता, हे बरं दिसत नाही. स्टेशनच्या रस्त्याला माझी जागा पडून आहे. तुमच्या फादरांना सांगा, देवळासाठी दिली." आणि पायरी उतरताना मागे वळून, "उद्या बैठकीला येताय ना?" एवढंच विचारलं.

मालूबाई आतून ऐकत होती. तिला रडू फुटलं. ती गुडघ्यावर बसून जपमाळ करायला लागली, आणि उखर्डूला वाटलं, ही देवाचीच करणी. हेच त्याचं चुकलं. देवाचं आणि धुरपदाबाईचं असे दोन वेगळे हिशेब त्यानं मनात धरले आणि देवाचं पारडं जड म्हणून मोकळा झाला. एक तोटी काय, पुढच्या वर्षीही होईल, देवळाची जागा पुन्हा कोण देणार! दुसऱ्या दिवशी जिनच्या कचेरीत ठरावाला विरोध कुणाचा असं विचारलं गेलं, चार हात वर झाले, आणि मग पाचवा. दिगंबर मास्तरांनी चष्म्यावरून त्या हाताकडे बघितलं.

कमिटीचा रिवाज असा होता की आत कुणाचा हात कुठे गेला ते बाहेर सांगायचं नाही. बाहेर फक्त आकडा जायचा. आकडा गेला, पाचाविरुद्ध चार. मेहतर वस्तीत लोकांनी बोटं मोडली आणि पाचवा कोण ते स्वतःच ठरवून टाकलं. मिस्तरीनं तर शब्द दिला होता, तो बिचारा गरीब, आपल्यातलाच. म्हणजे फिरला तो मास्तर. ठराव मांडायचं सोंग केलं आणि ऐन वेळी पाय मागे घेतला. ब्राह्मण तो ब्राह्मण! झालं, दुसऱ्या दिवसापासून दिगंबर मास्तरांच्या घरचा संडास साफ करायला कुणी जाईना.

आणि धुरपदाबाई नवं कोरं सूप घेऊन उखर्डूच्या दारात आली. त्या लोकांच्या हातची बांबूची कारागिरी गावात नावाजलेली. म्हणाली, घरच्यासाठी आहे, तुमी तरी आमच्याकडून हात वर केला. उखर्डू रंधा हातात धरून उभा राहिला. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मालूबाईनं पुढे होऊन सूप घेतलं, आणि त्यानं ते घेऊ दिलं. त्या दिवसापासून सकाळी स्वयंपाकघरातून धान्य पाखडल्याचा आवाज आला की तो दुकानात उगाच हातोडी आपटायला लागे.

पहिल्या रविवारी फादर आले. मिस्सेच्या आधी ते दुकानाच्या कोपऱ्यात बसून पापनिवेदन ऐकत. मधे उखर्डूनंच बनवलेली भोकं पाडलेली फळी. तिच्यामागे गुडघे टेकून त्यानं सगळं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की पापक्षमेचे शब्द ऐकायला त्यानं डोळेही मिटले. ते शब्द आले नाहीत. फादर म्हणाले, "त्या लोकांचं जे घेतलंस ते परत द्यायची तुझी तयारी आहे का? चार माणसांत केलंस ते चार माणसांत निस्तरलं पाहिजे."

उखर्डू चाचरत म्हणाला, "फादर, तुम्हीच जागा नको म्हणून सांगा ना."

"मी कसं सांगू? इथं ऐकलेलं बाहेर मला माहीत नसतं. तुझ्याशीसुद्धा मला त्याबद्दल बोलता येणार नाही, तू पुन्हा इथं येईपर्यंत. तयारी झाली की ये, मी वाट बघेन."

त्या दिवशी परमप्रसाद घ्यायला सगळे पुढे गेले, उखर्डू मागेच राहिला. परमप्रसादाआधीचा उपास म्हणून तो रात्रीपासून पाणीसुद्धा प्यायला नव्हता, हे मालूबाईला माहीत होतं. सातच घरं. एक माणूस मागे राहिला तर सगळ्यांना दिसतं.

पण खरी शिक्षा नंतर झाली. विनायकराव टांगा घेऊन आले, आणि फादर गास्पारांना जागा बघायला जावं लागलं. उखर्डूला बरोबर जावं लागलं. फादर भर उन्हात पावलांनी जागा मोजत होते, आणि विनायकरावांनी काही विचारलं की नम्रपणे उत्तर देत होते. त्यांनी आभारही मानले, कारण न मानायला त्यांच्यापाशी कारणच नव्हतं. जे कारण होतं त्यावर उखर्डूनं स्वतःच्या हातानं कुलूप घातलं होतं. त्याला वाटलं, या म्हाताऱ्यानं एकदा तरी आपल्याकडे रागानं बघावं. फादरांनी तेही केलं नाही.

तिकडे दिगंबर मास्तरांच्या गल्लीतून नाक धरल्याशिवाय जाता येईना. आठ दिवस झाले, अकरा झाले. शेवटी मास्तर स्वतः धोतर खोचून खराटा घेऊन बसले, अशी गावभर चर्चा झाली. शेजाऱ्यांनी विचारलं तरी त्यांनी कमिटीतली गोष्ट बाहेर काढली नाही. उखर्डूला कळून चुकलं की आता दोन माणसं आपल्यापायी तोंड शिवून बसली आहेत, एक धर्मापायी आणि एक कमिटीला दिलेल्या शब्दापायी. आणि ज्याचं तोंड मोकळं आहे तो धोटे घासत बसलाय.

आणखी एक पहिला रविवार तसाच कोरडा गेला. घरी आल्यावर मालूबाईनं विचारलं, असं कोणतं पाप केलंत जे फादरनाही पुसता येईना? त्यानं तिला सांगितलं, आणि जागा परत देणार हेही. ती म्हणाली, "जागा परत देणार म्हणता. ती तुमच्या एकट्याची आहे का? सात घरांची आहे." हे खरं होतं. चोरी त्यानं एकट्यानं केली होती, वाटून मात्र सगळ्यांना दिली होती. पुढे मालूबाई त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

कमिटीची पुढची बैठक होती ती विटांच्या कंत्राटासाठी. उखर्डू मधेच उभा राहिला. तो म्हणाला, "मेहतर वस्तीच्या ठरावावर पाचवा हात माझा होता. देवळाच्या जागेच्या लोभानं मी तो वर केला. मास्तरांचं नाव फुकट खराब झालं. मला ती जागा नको, आणि ठराव परत घ्यावा ही विनंती आहे. आणि हे मी बाहेरही सांगणार आहे."

विनायकराव चिडले नाहीत. त्यांनी अगदी समजुतीनं विचारलं की जागेचा आणि मताचा संबंध मी कधी बोललो का? उखर्डूला नाही म्हणावं लागलं, कारण बोलले नव्हतेच. मग ते म्हणाले, तुमच्या देवाला जागा नको तर नको. आणि ठराव एकदा पडला की सहा महिने पुन्हा आणता येत नाही, या नियमावर तुमचीही सही आहे, मिस्तरी. चिटणीसानं यातलं काहीच लिहून घेतलं नाही. आठवड्याभरात त्या जागेत कापसाच्या गाड्या उभ्या राहायला लागल्या.

बैठकीतून उखर्डू घरी आला, सूप घेतलं आणि मेहतर वस्तीत गेला. धुरपदाबाई अंगणात बांबू सोलत बसली होती. त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. तिनं कोयता खाली ठेवला.

"अन् त्या दिवशी तुमी सूप घेतलं," ती म्हणाली.

त्यानं सूप पुढे केलं.

"राहू द्या. वापरेल सूप मी काय करू?" मग जरा थांबून, "टोपलं उचलनं आमचं काम, मिस्तरी. ते आमी एक दिवस चुकवलं तर सारं गाव बोंबलते. हात वर करनं तुमचं काम होतं. तुमचं चुकलं तर कोनाले वास बी येत नाही." ती उठली, खराटा आणि टोपलं घेतलं आणि मास्तरांच्या घराकडे निघाली. उखर्डू काही अंतर ठेवून मागे गेला. मास्तरांच्या मागच्या दारी ती काय बोलली ते त्याला ऐकू आलं नाही. मास्तर हात जोडताना तेवढे दिसले. आपण पुढे व्हावं असं त्याला वाटलं, पण पाय उचलला नाही. तो परत फिरला. ती माफी मागायची राहिली ती राहिलीच.

ईस्टरच्या आधी फादर आले. फळीमागे उखर्डूनं सगळं सांगितलं, मास्तरांच्या दारातून परत फिरल्याचंही. या वेळी फादरांनी पापक्षमा दिली, आणि प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया म्हणायला सांगितल्या. उखर्डूला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यानं विचारलं, एवढंच? फादर म्हणाले, देवाकडून एवढंच. बाकीचं त्या लोकांकडे आहे, ते मला माफ करता येत नाही. तीन नमो मरिया म्हणायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. परमप्रसाद जिभेवर घेताना फादरांच्या बाहीला कीस चिकटलेला त्याला दिसला. मागून कुणीतरी सुस्कारा टाकला. देऊळ हातचं गेलं हे आता सातही घरांना ठाऊक झालं होतं, आणि ते त्याला कधी कुणी विसरू दिलं नाही.

सहा महिने त्यानं बोटांवर मोजले. आषाढात दिगंबर मास्तरांनी तोच ठराव पुन्हा मांडला. उखर्डू सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. बाजूनं कोण असं विचारलं गेलं, आणि त्यानं हात इतका झटक्यानं वर नेला की शेजारचा दचकला. मास्तरांचा हात वर होता, आणखी दोघांचा होता. भाईदास कापडवाल्याचा मात्र नव्हता. मागच्या खेपेला तो मेहतरांच्या बाजूनं होता. मधल्या काळात पेठेतल्या त्याच्या दुकानासमोर तोटी द्यायचं ठरलं होतं. पाचाविरुद्ध चार. आकडा तोच राहिला. विनायकरावांनी पुढचा विषय घेतला. उखर्डूचा हात अजून वरच होता. मास्तरांनी त्याच्या कोपराला हलकेच स्पर्श करून तो खाली करायला लावला.

तापीला त्या आठवड्यात गढूळ लाल पाणी आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपदाबाई दोन घागरी घेऊन दुकानावरून चालली होती. उखर्डू पायरी उतरून खाली आला. बोलू नये हे त्याला कळत होतं, तरी तोंडातून गेलं.

"ह्या खेपेला मी हात वर केला होता."

"ऐकलं," धुरपदाबाई म्हणाली. "पन ह्या खेपेले तुमच्या एका हातानं भागत नव्हतं, मिस्तरी. त्या खेपेले भागत होतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं कडेवरची घागर सावरली आणि ती नदीच्या दरवाज्याकडे उतरून गेली.